लायब्ररीचं ई-बुक ई-रीडरवर कसं घ्यायचं? किंडल, कोबो आणि आपल्या मराठी-उर्दू वाचकांसाठी सविस्तर माहिती

मुलगी लग्न होऊन इंग्लंडला जाते. जाताना मामू तिला मुंबईतून किंडल घेऊन देतात, परदेशात पुस्तकं महाग, वाचत राहील म्हणून. तिथं पोचल्यावर ती कौन्सिलच्या लायब्ररीत जाते, घरभाड्याचा कागद दाखवते आणि फुकटात कार्ड मिळवते. त्या कार्डावर घरबसल्या ई-बुकं मिळतात असं काउंटरवरची बाई सांगते. मग आठवडाभर खटपट चालते. फोनवर पुस्तक उघडतं, किंडलवर मात्र येत नाही. आपल्यालाच काही जमत नाहीये असं तिला वाटतं.

तिचं काहीच चुकलेलं नसतं. लायब्ररीचं ई-बुक किंडलवर घेण्याची सोय फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांसाठी आहे. ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, आखात, भारत, कुठेही ती नाही. ई-रीडर विकत घेण्याआधी ही एक गोष्ट कळली तर घरातले आठ-दहा हजार रुपये वाचतात. आपल्या कोकणातल्या किती तरी घरांतली माणसं परदेशात आहेत आणि मुलांना पुस्तकं पुरवण्याचा प्रश्न सगळ्यांचाच आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

लायब्ररीकडे नेमकं काय असतं?

कागदी पुस्तक लायब्ररी विकत घेते, त्यावर शिक्का मारते आणि ते फाटेपर्यंत वाचकांना देते. ई-बुकाचं तसं नाही. लायब्ररी ई-बुक विकत घेतच नाही, ते देण्याचा परवाना घेते. तो परवाना सांभाळणारी मधली कंपनी म्हणजे ओव्हरड्राइव्ह. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये १९८६ साली ती सुरू झाली आणि २००३ मध्ये त्याच शहराच्या सार्वजनिक लायब्ररीपासून तिने ई-बुकं उसनी देण्याचं काम हाती घेतलं. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतल्या लायब्रऱ्या तिच्यामार्फत पुस्तकं देतात. फोनवर दिसणारं 'लिबी' हे अ‍ॅप याच कंपनीचं, २०१७ साली आलेलं. आधी ओव्हरड्राइव्ह नावाचंच अ‍ॅप होतं, ते २०२३ मध्ये बंद झालं. कुणी जुन्या अ‍ॅपची माहिती पाठवली तर त्यात वेळ घालवू नका.

नव्या वाचकाला पहिला धक्का बसतो तो रांगेचा. पुस्तक तर फाइल आहे, एकाच वेळी हजार जणांना का देता येत नाही? घरी मुलंही हाच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर परवान्यात आहे. लायब्ररीने तीन प्रतींचा परवाना घेतला असेल तर एका वेळी तीनच जणांना पुस्तक मिळतं. चौथा रांगेत. म्हणजे कागदी पुस्तकाची अडचण मुद्दाम ई-बुकात आणून ठेवली आहे.

आणि परवाना कायमचाही नसतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये नियम केला की एक ई-बुक २६ वेळा दिलं की लायब्ररीने ते पुन्हा विकत घ्यायचं. दोन आठवड्यांची एक उसनवारी धरली तर २६ म्हणजे बरोबर एक वर्ष. कागदी पुस्तक एवढं हाताळलं की झिजतंच, असा त्यामागचा युक्तिवाद. ग्रंथपाल तेव्हा भडकले होते, कारण बांधणी नीट असलेलं पुस्तक शंभर हातांतून जातं हे त्यांनी रोज पाहिलेलं. पुढे बाकीच्या मोठ्या प्रकाशकांनी मुदतीचे परवाने आणले. दोन वर्षं झाली की परवाना संपला, मग पुस्तक कुणी वाचलेलं असो वा नसो. आपल्याला जे ई-बुक पंधरा डॉलरला मिळतं त्याच्या दोन वर्षांच्या परवान्याला लायब्ररी पन्नास-साठ डॉलर मोजते. मॅकमिलनने १ नोव्हेंबर २०१९ पासून त्याहून कडक नियम लावला: नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका लायब्ररी व्यवस्थेला, मग ती केवढीही मोठी असो, एकच प्रत. अनेक लायब्रऱ्यांनी त्यांच्या ई-बुकांवर बहिष्कार टाकला. मार्च २०२० मध्ये, कोरोनाने लायब्रऱ्यांचे दरवाजे बंद झाले त्याच दिवसांत, हा नियम मागे घेतला गेला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की 'फुकट' दिसणाऱ्या पुस्तकामागे त्या गावाच्या करातला पैसा आहे. पुस्तक वाचून झालं की मुदतीची वाट न पाहता परत करा. मागे उभ्या असलेल्याला चार दिवस आधी मिळतं. वापरायला दिलेली चीज परत करण्याबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत असाल आणि किंडल असेल तर

किंडल २००७ साली आला, पण लायब्ररीची पुस्तकं त्यावर घेता येऊ लागली ती सप्टेंबर २०११ पासून. रीत सोपी आहे. फोनवर लिबी घ्या, आपल्या लायब्ररीचं नाव शोधा, कार्डाचा नंबर आणि पिन टाका. पुस्तक मोकळं असेल तर 'बॉरो' दाबा. नसेल तर 'प्लेस होल्ड', म्हणजे रांगेत नाव. पुस्तक मिळालं की 'रीड विथ किंडल' हा पर्याय निवडा. तो तुम्हाला अ‍ॅमेझॉनच्या पानावर नेतो. तिथे 'गेट लायब्ररी बुक' दाबायचं, कोणत्या यंत्रावर पाठवायचं ते सांगायचं, आणि किंडल वायफायला जोडायचा. पाच मिनिटांत पुस्तक हजर.

इथे लोक अडकतात ते तीन ठिकाणी.

पहिलं, अ‍ॅमेझॉनचं खातं. भारतात काढलेलं खातं तसंच वापरत असाल तर पुस्तक जात नाही. खातं अमेरिकेच्या संकेतस्थळाचं हवं आणि किंडलही त्याच खात्याला जोडलेला हवा. मुंबईतून आणलेला किंडल चालतो, यंत्राला देश नसतो. देश असतो तो खात्याला. मात्र खातं बदलण्याआधी भारतीय खात्यावर विकत घेतलेली मराठी-हिंदी पुस्तकं किती आहेत ते बघून घ्या.

दुसरं, प्रत्येक पुस्तक किंडलवर येतंच असं नाही. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, सोबत वाचून दाखवणारी पुस्तकं बऱ्याचदा फक्त फोन किंवा टॅबवरच उघडतात. लायब्ररीचं ऑडिओबुक किंडलवर वाजत नाही, ते लिबीतच ऐकायचं. दादी-नानींची नजर कमी झाली असेल तर त्यांच्यासाठी फोन आणि छोटा स्पीकर बरा.

तिसरं, परत करणं. फोनवरच्या लिबीत वाचलेलं पुस्तक तिथूनच एका बोटाने परत करता येतं. किंडलवर पाठवलेलं पुस्तक लवकर परत करायचं तर ते अ‍ॅमेझॉनच्या आपल्या खात्यातल्या 'कंटेंट अँड डिव्हाइसेस' या पानावरून करता येतं. मुदत संपली की पुस्तक आपोआप निघून जातं, दंड नाही. तुम्ही रेघा मारल्या असतील, टिपणं केली असतील तर ती खात्यात राहतात. तेच पुस्तक पुन्हा घेतलं की परत दिसतात. परीक्षेसाठी वाचणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

मुदत ७, १४ किंवा २१ दिवसांची, लायब्ररी ठरवेल तशी. रांगेतलं पुस्तक तुमच्यापर्यंत आलं की तीन दिवसांत घ्यावं लागतं. ते नेमकं रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आलं किंवा उमऱ्याला निघायच्या आदल्या रात्री, तर 'डिलिव्हर लेटर' दाबून पुढे ढकलता येतं. रांगेतली जागा जात नाही, फक्त आत्तापुरतं पुस्तक मागच्या माणसाला मिळतं. ही सोय माहीत नसल्याने अनेक जण पाच-पाच महिने थांबून मिळालेलं पुस्तक न वाचताच घालवतात.

एक युक्ती सर्रास सांगितली जाते: मुदत संपायच्या आधी किंडलचं वायफाय बंद करून ठेवायचं, म्हणजे पुस्तक पुसलं जात नाही. हे खरं आहे. लायब्ररीच्या बाजूने तुमची मुदत ठरल्या दिवशीच संपते आणि पुढच्या वाचकाला पुस्तक मिळतंही, त्यामुळे कुणाची रांग अडत नाही. दोन प्रकरणं राहिली म्हणून कुणी एक दिवस वाढवला तर मी काही बोलणार नाही. पण महिनोन्महिने वायफाय बंद ठेवून पुस्तकं साठवणं हे उसनं घेणं राहत नाही. मुलांच्या हातात तेच यंत्र असतं आणि ती बघत असतात.

ब्रिटन, कॅनडा आणि बाकीच्यांसाठी: कोबो

अमेरिकेबाहेर राहत असाल आणि लायब्ररीसाठीच ई-रीडर घेणार असाल, तर सरळ कोबो बघा. यातही ओव्हरड्राइव्हच आतून जोडलेलं आहे, २०१६ च्या 'ऑरा वन' या मॉडेलपासून. तेव्हा कोबो आणि ओव्हरड्राइव्ह या दोन्ही कंपन्या राकुतेन या जपानी समूहाच्या होत्या, त्यामुळे जोडणी सहज झाली. पुढे ओव्हरड्राइव्ह विकली गेली, पण सोय टिकली.

कोबोच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' आहे, त्यात ओव्हरड्राइव्ह. तिथे लायब्ररी निवडून कार्डाने आत जायचं. मग कोबोच्या दुकानातच पुस्तक शोधायचं आणि विकत घेण्याऐवजी उसनं घेण्याचा पर्याय निवडायचा. माझा सल्ला थोडा वेगळा. शोधाशोध फोनवर लिबीत करा, तिथेच पुस्तक घ्या, आणि मग कोबोवर 'सिंक' दाबा. ई-इंकच्या पडद्यावर अक्षरं टाइप करणं म्हणजे सबुरीची परीक्षा. कॅनडात तर हा प्रकार घरोघरी आहे, टोरांटोची सार्वजनिक लायब्ररी जगात सर्वाधिक ई-बुकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत गणली जाते.

पॉकेटबुक, जुने नूक, जुने कोबो यांच्यासाठी वायरीचा रस्ता आहे. कॉम्प्युटरवर 'अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स' घ्यायचं, अ‍ॅडोबीचं खातं काढून कॉम्प्युटर आणि ई-रीडर दोन्ही त्याला जोडायचे. लायब्ररीच्या संकेतस्थळावरून जी फाइल उतरते तिच्या नावाशेवटी 'एसीएसएम' असतं. ती फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तकाची चिठ्ठी. तीच ई-रीडरमध्ये टाकून 'उघडत नाही' म्हणणारे पुष्कळ. ती आधी अ‍ॅडोबीच्या प्रोग्राममध्ये उघडा, मग खरं पुस्तक उतरतं, मग ते वायरीने पाठवा. जरा किचकट आहे, पण एकदा बसलं की बसलं.

अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडरही मिळतात, उदाहरणार्थ ओनिक्स कंपनीचे 'बुक्स'. त्यांत लिबी अ‍ॅपच टाकता येतं, त्यामुळे किंडल की कोबो हा वादच उरत नाही. शिवाय 'हूपला' किंवा ब्रिटनमध्ये चालणारं 'बॉरोबॉक्स' ही अ‍ॅपंही टाकता येतात. हूपलात रांग नसते. लायब्ररी प्रत्येक उसनवारीमागे पैसे भरते आणि म्हणून महिन्याला इतकीच पुस्तकं अशी मर्यादा घालते. हूपला किंवा बॉरोबॉक्सचं पुस्तक किंडलवर मात्र येत नाही, अमेरिकेतही नाही.

ब्रिटनमधली एक चांगली गोष्ट इथेच सांगून टाकतो. तिथे लायब्ररीतून पुस्तक गेलं की लेखकाला सरकारकडून काही पेन्स मिळतात, एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. जुलै २०१८ पासून ई-बुकांनाही हे लागू झालं. म्हणजे उसनं घेऊन वाचलं तरी लेखकाच्या ताटात घास जातो.

कार्ड कुणाचं वापरायचं?

रत्नागिरीतला भाचा न्यू जर्सीतल्या मामूला फोन करतो, 'तुमच्या कार्डाचा नंबर द्या ना.' मामू देतातही. तांत्रिकदृष्ट्या ते चालतं, म्हणूनच बोलणं भाग आहे. लायब्ररीचं कार्ड त्या गावच्या रहिवाशाला मिळतं, ते दुसऱ्याला वापरायला देऊ नये असं बहुतेक लायब्रऱ्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं. एका कार्डावर एका वेळी ठरावीकच पुस्तकं मिळतात, त्यामुळे भाच्याने पाच घेतली की मामूंच्या मुलांची तेवढी कमी झाली. पत्ता खोटा लिहून कार्ड काढण्याचे सल्लेही फिरत असतात. त्या वाटेला न गेलेलं बरं.

एकाच घरात मात्र बरंच काही नियमात राहून करता येतं. अब्बा, अम्मी, मुलं, सगळ्यांनी आपापली कार्डं काढायची, लहान मुलांनाही मिळतात. लिबीत एकाहून जास्त कार्डं ठेवता येतात. किंडलचं खातं आणि लायब्ररीचं कार्ड एकाच नावाचं असण्याची गरज नाही, त्यामुळे अम्मीच्या कार्डावर घेतलेलं पुस्तक घरातल्या एकमेव किंडलवर जातं. अमेरिकेत कॉलेजच्या गावी राहणाऱ्या मुलाला तिथल्या लायब्ररीचंही कार्ड मिळू शकतं. तो सुट्टीत घरी आला की दोन लायब्रऱ्यांची रांग पाहता येते, जिथे छोटी असेल तिथे नाव लावायचं.

अमेरिकेतल्या १३ ते २१ वयाच्या मुलांसाठी आणखी एक दार उघडं आहे. अनेक राज्यांत शाळांच्या आणि गावांच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं काढून टाकली जाऊ लागली, तेव्हा ब्रुकलिनच्या सार्वजनिक लायब्ररीने एप्रिल २०२२ मध्ये 'बुक्स अनबॅन्ड' नावाने मोफत ई-कार्ड सुरू केलं. देशातल्या कुठल्याही राज्यातला त्या वयाचा मुलगा-मुलगी ते मागू शकते. कसलाही खोटा पत्ता लागत नाही.

तुम्ही काय वाचता, हे कुणाला कळतं?

हा प्रश्न आपल्या लोकांनी विचारायलाच हवा. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेल्या पेट्रियट कायद्याच्या कलम २१५ मुळे तपास यंत्रणांना लायब्ररीच्या नोंदी मागता येत होत्या, आणि मागितल्याचं कुणाला सांगायचीही बंदी होती. त्या वेळी मुस्लिम वाचकांच्या बाजूने आधी उभे राहिले ते ग्रंथपाल. अनेक लायब्रऱ्यांनी वाचकाने पुस्तक परत केलं की नोंद पुसून टाकायला सुरुवात केली, नोंदच नसेल तर देणार काय? २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांकडे तपास यंत्रणेने अशीच माहिती मागितली. ती मागणी वेगळ्या तरतुदीखाली होती, तोंड बंद ठेवण्याचा हुकूमही सोबत होता. ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सरकारने बोलण्यावरची बंदी सोडली आणि नंतर मागणीही मागे घेतली. कलम २१५ ची मुदत मार्च २०२० मध्ये संपली.

ई-बुकाने यात नवी भर घातली. किंडलवर पुस्तक घेताना तुम्ही लायब्ररीच्या दारातून निघून एका दुकानाच्या दारात जाता. तिथे तुमच्या खात्यात त्या पुस्तकाची नोंद राहते आणि लायब्ररीचा नोंदी पुसण्याचा नियम तिथे लागू नसतो. याचा अर्थ घाबरून वाचू नका असा अजिबात नाही. बेधडक वाचा. पण एखाद्या आजाराबद्दल, घरगुती त्रासाबद्दल, तलाकच्या कायद्याबद्दल वाचायचं असेल आणि किंडलचं खातं घरात चार जण वापरत असतील, तर ते पुस्तक आपल्या फोनवरच्या लिबीतच वाचलेलं बरं. मुखपृष्ठं सगळ्यांच्या पडद्यावर दिसतात. हा धोका सरकारपेक्षा जवळचा आहे आणि बायकांना तो लगेच कळतो.

आखातात

दोह्यात राहणाऱ्यांना कतार नॅशनल लायब्ररी आहे. २०१७ च्या शेवटी ती लोकांसाठी उघडली. कतारचं ओळखपत्र असलेल्या रहिवाशाला, मग तो ड्रायव्हर असो की डॉक्टर, सभासदत्व मोफत मिळतं आणि त्यात ई-बुकंही येतात, लिबीमार्फत सुद्धा. आपली किती तरी माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात, त्यांतल्या अनेकांनी लायब्ररीची इमारत फक्त बाहेरून पाहिलेली असते. किंडल तिथेही चालणार नाही. फोनवर वाचा, किंवा अँड्रॉइडवाला ई-रीडर घ्या. दुबईत जून २०२२ मध्ये मोहम्मद बिन रशीद लायब्ररी सुरू झाली, तिचंही सभासदत्व चौकशी करण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं गावोगाव आहेत. पण गावच्या वाचनालयाचं कार्ड दाखवून घरी ई-बुक उतरवता येईल अशी सोय आपल्याकडे नाही. ओव्हरड्राइव्हच्या यंत्रणेत मराठी पुस्तकं फारच थोडी. तेव्हा परदेशातल्या लायब्ररीचं कार्ड मिळालं तरी मुलांना मराठी वाचायला द्यायची अडचण उरतेच.

काय मिळतं ते सांगतो. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठीला अधिकृत जागा मिळाली, देवनागरी नीट दिसते. 'किंडल अनलिमिटेड' नावाची योजना भारतात २०१५ पासून आहे. तिच्यातही 'बॉरो' हाच शब्द वापरतात, म्हणून अनेकांना ती लायब्ररी वाटते. ती लायब्ररी नव्हे, दरमहा पैसे भरायची वर्गणी आहे. एका वेळी २० पुस्तकं ठेवता येतात, मराठी पुस्तकंही असतात. वर्गणी थांबली की पुस्तकं गेली. घरात वाचणारं एकच माणूस असेल आणि महिन्याला एखादंच पुस्तक होत असेल, तर त्यापेक्षा लागेल तेव्हा विकत घेतलेलं स्वस्त पडतं.

भारत सरकारची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली. ती आयआयटी खरगपूरने उभी केली. तिथे फुकट नोंदणी होते, अभ्यासाची पुस्तकं, प्रश्नपत्रिका, व्याख्यानं यांचा शोध लागतो, पण पुष्कळदा ती तुम्हाला दुसऱ्याच संकेतस्थळाकडे पाठवते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी नक्की बघावी. गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर निराशा होईल. मुलांसाठी त्यापेक्षा 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' बरं. शिक्षण मंत्रालय आणि नॅशनल बुक ट्रस्टचं हे मोफत अ‍ॅप आहे, इंग्रजीसोबत मराठी आणि इतर भारतीय भाषांची बालपुस्तकं त्यात आहेत. फोन-टॅबवर चालतं, किंडलवर नाही.

ई-रीडरवर खरोखर ठेवता येईल असं मराठी साहित्य मिळतं ते मराठी विकिस्रोतावर. तिथलं पुस्तक 'ईपब' स्वरूपात उतरवता येतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, हरि नारायण आपटे १९१९ मध्ये, त्यामुळे त्यांची पुस्तकं कुणीही निर्धास्त उतरवावीत, वाचावीत, भावंडांना पाठवावीत. परत करायची भानगडच नाही. ईपब फाइल आता किंडललाही पाठवता येते, 'सेंड टू किंडल' या सोयीने. कोबोवर जोडाक्षरं तुटलेली दिसली तर यंत्र कॉम्प्युटरला जोडून त्यात 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर करा, एखादा चांगला देवनागरी फॉन्ट त्यात टाका आणि वाचताना तो निवडून पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत आहेत, 'ई साहित्य प्रतिष्ठान'ही लेखकांच्या परवानगीने पुस्तकं मोफत देतं. फक्त पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचणं डोळ्यांना त्रासाचं. अक्षर मोठं करावं तर ओळ बाहेर जाते. त्यासाठी दहा इंची ई-रीडर किंवा साधा टॅब.

उर्दूचं दुखणं वेगळं आहे. रेख्ता या संस्थेने २०१३ पासून उर्दू पुस्तकांचा प्रचंड साठा स्कॅन करून मोफत वाचायला ठेवला आहे, पण पुस्तकं संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवरच वाचायची, उतरवता येत नाहीत. ती पानांची छायाचित्रं असल्याने छोट्या ई-रीडरवर नस्तालीक वाचणं तसंही कठीण. नानीला जुन्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर टॅब घेऊन द्या.

इंटरनेट आर्काइव्हचं नाव अनेकांना माहीत आहे. त्यांची कल्पना साधी होती: आपल्याकडे कागदी प्रत आहे, ती स्कॅन करायची, आणि एक प्रत तर एका वेळी एक वाचक. तासाभरासाठी किंवा १४ दिवसांसाठी पुस्तक मिळायचं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे त्यांनी रांगेचं बंधन काही आठवडे उठवलं. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला, मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हविरुद्ध गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तकं उसनी देण्यातून काढावी लागली. कॉपीराइट संपलेली आणि प्रकाशकांनी हरकत न घेतलेली पुस्तकं अजून आहेत. जुनी मराठी आणि उर्दू पुस्तकं शोधायला जागा चांगली.

राहिला टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफचा विषय. 'समाजाच्या फायद्यासाठी' म्हणून आजच्या लेखकांची पुस्तकं स्कॅन करून पाठवणारे ग्रुप आपल्यातही आहेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार-पाचशेचीच असते. आपल्या समाजातून मराठीत लिहिणारे तसेही मोजके, त्यांचं पुस्तक खपलं नाही तर प्रकाशक दुसरं छापत नाही. ते पुस्तक गावच्या वाचनालयाला घ्यायला सांगा. वाचकांनी लेखी मागणी दिली तर वाचनालयं विचार करतात. परदेशात लिबीमध्येही 'नोटिफाय मी' दाबून आपल्याला अमुक पुस्तक हवं असल्याचं लायब्ररीला कळवता येतं.

मे महिन्यात मुलांना घेऊन गावी येणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. निघायच्या दोन दिवस आधी पुस्तकं घ्या आणि घरच्या वायफायवर ई-रीडरमध्ये पूर्ण उतरवून एकेक उघडून बघा. मुखपृष्ठ दिसतंय म्हणजे पुस्तक उतरलंय असं नाही. २१ दिवसांची मुदत निवडता येत असेल तर ती निवडा. एकदा उतरलं की वाचायला नेट लागत नाही, विमानात नाही आणि गावाला लाइट गेल्यावरही नाही. ई-रीडरची बॅटरी काही आठवडे जाते.